सरस्वती कुठल्या भिंतीवर?

मुगभाटची_मैना | १८ मे, रात्री ११.१०

मंडळी, मदत हवी आहे. गिरगावातली आमची चाळ पडली आणि त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर घर मिळालं. (चाळीसाठी रडून झालंय, त्यामुळे सांत्वन नको.) हॉल १० बाय १५ फूट. माणसं चार: आई, नवरा, आठ वर्षांची लेक आणि मी.

सामानात एक चित्र आहे. राजा रविवर्म्याची सरस्वती, अर्थात छापील. पांढरी जरीकाठी साडी, हातात वीणा, बाजूला मोर, मागे धुकट झाडी. आजोबा शाळामास्तर होते. चाळीच्या खोलीत हे चित्र दारासमोरच होतं आणि त्याच्याखाली बसून आम्ही सगळ्या भावंडांनी पाढे म्हटले. दसऱ्याला आजी स्टुलावर चढून काचेवरच कुंकवाचं बोट टेकवायची, त्यामुळे काचेच्या खालच्या कडेला तांबूस पुटं चढली आहेत. कागद अंदाजे २० बाय २८ इंच, वर रुंद सागवानी पट्टी. मला एकटीला उचलत नाही. चाळ सोडल्यापासून भाड्याच्या घरात कपाटामागे चादरीत गुंडाळून उभं होतं.

इंटिरियरवाला येऊन गेला. मोठ्या भिंतीवर ५५ इंची टीव्ही, त्यामागे संगमरवरी दिसणारं पॅनल, आणि चित्र? "पॅसेजमध्ये मस्त दिसेल, मॅडम." पॅसेज म्हणजे एका बाजूला वॉशबेसिन आणि दुसऱ्या बाजूला संडासाचं दार. आईने त्याच्याकडे असं काही बघितलं की तो चहा अर्धा टाकून गेला.

मला हॉल या चित्राभोवती लावायचा आहे. देवघर वाटायला नको आणि हॉटेलची लॉबीही नको. सुरुवात कुठून करू? रंगापासून?

---

अबोली_७९ | १८ मे, रात्री ११.३२

पहिली! मोरपंखी भिंत कर. एकच भिंत मोरपंखी, बाकी मोतिया. उशांना खणाचे अभ्रे. कोपऱ्यात पितळी समई आणि मोठ्या घंगाळात पाण्यावर फुलं. डोळ्यासमोर आलं बघ.

---

शिळीपोळी | १९ मे, सकाळी ८.०५

अबोली, मग दारात मोरही बांधू या. (दिवा घे, म्हणजे गंमत समज.)

---

खडूफळा | १९ मे, सकाळी ९.४०

मैनाताई, मी निवृत्त चित्रकला शिक्षक. रंग सगळ्यात शेवटी. आधी भिंत.

तुमच्याकडे आहे तो कागद आहे आणि कागदाला मुंबईत दोन वैरी: ओल आणि ऊन. हॉलच्या चार भिंतींपैकी बाहेरची कुठली, बाथरूमला चिकटलेली कुठली, हे आधी कागदावर काढा. बाहेरच्या भिंतीवर, त्यातही पावसाचा मारा बसतो त्या पश्चिमेच्या भिंतीवर, चित्र अजिबात लावू नका. बाथरूमच्या भिंतीत पाइप असतात, ती रद्द. ज्या भिंतीवर दुपारचं ऊन सरकत येतं तीही रद्द. उरेल ती तुमची. नवीन इमारत म्हणून गाफील राहू नका. पहिला पावसाळा काढा, भिंतीला तळहात लावून बघत जा, मग ठोका. जून ते सप्टेंबर मुंबईच्या भिंतीच्या शब्दावर विश्वास ठेवू नये.

तोवर चित्र जमिनीवर टेकवून ठेवू नका. लादी गार पडते, फ्रेमच्या तळाशी दमटपणा धरतो. पाटावर ठेवा, भिंतीपासून चार बोटं लांब.

---

वाटाणा | १९ मे, सकाळी १०.१५

ओरिजिनल आहे का? असेल तर किंमत किती? चोरबाजारात असली चित्रं ढिगाने असतात म्हणे.

---

परळचा_नाना | १९ मे, दुपारी १.२०

वाटाणा, ओरिजिनल या शब्दाने घोळ होतो. रविवर्म्यांनी हाताने रंगवलेलं तैलचित्र वेगळं. मैनाकडे आहे तो ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखा दिसावा म्हणून केलेला रंगीत शिळाछाप. बव्हेरियातून आलेल्या चुनखडीच्या सपाट दगडावर तेलकट शाईने चित्र उतरवायचं, एका रंगाला एक दगड. अशा दहा-बारा, कधी त्याहून जास्त दगडांवरून तोच कागद पुन्हा पुन्हा, केसभरही न हलता काढायचा. वरून व्हार्निश. म्हणून ती तुपकट चकाकी असते.

१८९४ साली रविवर्म्यांनी हा छापखाना मुंबईतच काढला. पुढे तो मळवलीला गेला, कार्ला-भाजे लेण्यांच्या बाजूला. नंतर त्यांनी तो श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकला. १९७२ साली आग लागली आणि उरलंसुरलं बरंच त्यात गेलं. त्याआधी पुण्याच्या चित्रशाळेचे शिळाछाप १८७८ पासून घरोघर जात होतेच. थोडक्यात, राजवाड्यात असायचं ते चित्र चाळीच्या खोलीत आलं ते या दगडांमुळे.

मैना, घरात सोनारकाम करणारं कुणी असेल तर त्याचं भिंग आण आणि सरस्वतीच्या गालावर धर. चार रंगांचे एकसारखे, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे शिस्तीत बसलेले गोल दिसले तर अलीकडची ऑफसेट छपाई. ठिपके वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ, हाताने टाकल्यासारखे दिसले तर शिळाछाप. खालच्या समासात छापखान्याचं नाव असतं, पण जुन्या फ्रेमवाल्यांनी फ्रेममध्ये बसवायला समास कापलेले असतात, त्यामुळे नाव मिळालं नाही तर लगेच नकली म्हणू नकोस. आणि रविवर्म्यांच्या चित्रांच्या नकला इतरही छापखान्यांनी भरपूर काढल्या.

---

वाटाणा | १९ मे, दुपारी १.३१

किंमत?

---

परळचा_नाना | १९ मे, दुपारी १.३३

तिच्या आजीच्या कुंकवासकट विकत घेणारा भेटला की सांगतो.

---

कासवगती | १९ मे, रात्री ९.५०

मी याच धंद्यात आहे, त्यामुळे तुमच्या इंटिरियरवाल्याची थोडी बाजू घेते: टीव्ही कुठे जाणार हा प्रश्न खराच आहे. पण चित्र आणि टीव्ही एका भिंतीवर नको. बंद टीव्ही म्हणजे काळा चौकोन, चालू टीव्ही म्हणजे हलणारा चौकोन. दोन्ही वेळा चित्र हरतं. समोरासमोरही नको, कारण संध्याकाळी टीव्हीचा निळा उजेड काचेत नाचेल. काटकोनात ठेवा.

आणि अबोलीताई, राग मानू नका, पण मोरपंखी भिंत केलीत तर चित्रातला मोर दिसेनासा होईल. चित्रात जो रंग थोडासाच आहे आणि डोळा खेचतो, तो भिंतीला द्यायचा नसतो. तो चित्रापुरताच राहू द्यायचा. भिंतीला चित्रातला सगळ्यात मुका रंग द्यायचा. इथे मला वाटतं मागची झाडी, ती राखाडी-हिरवट धूसर छटा. ती भिंतीवर फिकट करून गेली की साडीचा पांढरा पुढे येईल.

माझ्या अनुभवात चित्राभोवती खोली लावताना माणसं चित्रातल्या वस्तू विकत आणायला लागतात. मोर आहे ना, मग मोराची उशी. वीणा आहे ना, मग शोकेसमध्ये छोटी वीणा. असं करू नका. दोन रंग घ्या आणि थांबा.

---

अबोली_७९ | १९ मे, रात्री १०.०२

राग नाही हो. पण घंगाळ मी सोडणार नाही.

---

मुगभाटची_मैना | २६ मे, रात्री १०.४५

किती छान लिहिताय सगळे. हे घ्या अपडेट.

फ्रेमवाल्याकडे गेले होते. दुकानाचं नाव लिहीत नाही. त्याने चित्र उलटं करून टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "ताई, कागद सडला. समास उडवतो, फेव्हिकॉलने प्लायवर चिकटवतो, वर लॅमिनेशन. पन्नास वर्षं बघायला नको." मी हो म्हणायच्या बेतात होते, खोटं कशाला बोलू. नवऱ्याने दंडाला धरून बाहेर काढलं.

मग घरीच डायनिंग टेबलावर जुनी सोलापुरी चादर अंथरून मागची बाजू उघडली. गंजलेल्या चुका, एकेक पकडीने. मला मनातून वाटत होतं, आत आजोबांची चिठ्ठी निघेल, निदान तारीख. निघाला शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा. "साइज ३८". त्यावर मेलेल्या कसरी आणि भुसा. आई म्हणाली, "बाबांचाच शर्ट असणार, ते काही टाकायचे नाहीत."

चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात कसरीने नकाशासारखं कुरतडलंय. मागे पिवळट-तपकिरी ठिपके. आणि खाली डावीकडे रुपयाएवढ्या भागात कागद काचेला चिकटलाय. नेमका मोराच्या शेपटीपाशी. ओढून बघू का?

भिंगाखाली ठिपके वेडेवाकडे आहेत, नाना! समास कापलेला, एका अक्षराचं फक्त डोकं उरलंय.

---

खडूफळा | २६ मे, रात्री १०.५२

ओढू नका!!! हात लावू नका. ओल्या कापसाने पुसूही नका.

---

खडूफळा | २६ मे, रात्री ११.२०

ओरडलो, क्षमस्व. सविस्तर सांगतो. काच थेट कागदावर टेकलेली होती. मधे हवा नाही. दमट हवेत व्हार्निश मऊ होतं आणि काचेला धरतं. ओढलंत तर मोर काचेवर येईल आणि कागद पांढरा राहील. हे घरी करायचं काम नाही. फोर्टमध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करा, ते स्वतः किंवा योग्य माणसाकडे मार्ग दाखवतील. तोपर्यंत काच आणि चित्र जसं आहे तसं आडवं ठेवा.

फ्रेम पुन्हा करताना चार गोष्टींचा आग्रह धरा. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, आणि मागचा पुठ्ठा अ‍ॅसिड-फ्री, कारण साधा पुठ्ठा कागदाला पिवळा करतो, तुमच्याकडचे डाग काही अंशी त्या शर्टाच्या खोक्याचे असतील. काच आणि कागद यांच्यात माउंटची जाडी सुटलीच पाहिजे. चित्र माउंटला फक्त वरच्या बाजूने, कागदी बिजागरीने टांगलेलं; गोंद, सेलोटेप, फेव्हिकॉल काही नाही. आणि फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी किंवा बुचाची बटणं, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात वारा खेळेल.

समास उडवायचा म्हणणाऱ्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नका.

---

निवडुंग | २७ मे, सकाळी ७.१५

वाचतोय. शर्टाच्या खोक्याला मात्र सलाम. आमच्याकडे बालगंधर्वांच्या फोटोमागे विड्यांच्या बंडलाचं कव्हर निघालं होतं.

---

मुगभाटची_मैना | १४ जुलै, रात्री ९.३०

मधे गायब होते. चित्र एका संवर्धन करणाऱ्या बाईंकडे आहे. त्यांनी काच सोडवली, मोर शाबूत. कुरतडलेला कोपरा त्या जपानी कागदाने भरणार आहेत, पण रंगवून "नव्यासारखा" करणार नाहीत, जवळून बघितलं तर कळेल एवढाच ठेवणार. मला ते आवडलं. आईला नाही.

भिंतीची गोष्ट ऐका. खडूफळासर, तुमच्या पाया पडते. मी मनात धरलेली भिंत होती खिडकीशेजारची. जुलैच्या पहिल्या मोठ्या झोडीनंतर तिथे तळहात लावला तर गार, आणि आठवड्याने कोपऱ्यात रंगाला फोड. नवी कोरी इमारत! सोसायटीत तक्रार दिली आहे, तिथे आधीच अठ्ठावीस तक्रारी होत्या.

उरली ती शेजाऱ्यांच्या हॉलला लागून असलेली आतली भिंत. कोरडी, ऊन नाही, दारातून आल्याबरोबर समोर. म्हणजे चाळीत होतं तिथेच. टीव्ही काटकोनात छोट्या भिंतीवर गेला, आणि ५५ च्या जागी ४३ बसला. नवरा आठवडाभर जेवताना बोलत नव्हता.

आता नवीन घोळ. भिंतीत खिळा जात नाही. तीन वाकले. सुतार म्हणाला, "ही मायवान आहे, वीट नाही."

---

ठाणे_स्लो | १४ जुलै, रात्री ९.४८

माझं खातं आलं! मायवान म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली सलग काँक्रीटची भिंत. साध्या ड्रिलने नुसती शिटी वाजेल. हॅमर ड्रिल किंवा रोटरी हॅमर लागतो आणि काँक्रीटचा बिट. एवढ्या वजनाला एका हुकावर टांगू नका, दोन भोकं, दोन स्क्रू, चांगले फिशर (भोकात बसून स्क्रू धरणारे प्लास्टिकचे गुल्ले). दोन ठिकाणी टांगलं की फ्रेम दर आठवड्याला तिरकीही होत नाही. आणि आधी बिल्डरकडून वायरिंगचा नकाशा मागा. मायवानमध्ये वायरच्या नळ्या काँक्रीट ओततानाच आत टाकतात. माझ्या मेहुण्याने कॅलेंडर लावताना आख्ख्या बेडरूमची वीज घालवली.

---

कासवगती | १५ जुलै, सकाळी ११.००

उंचीचं ठरवलं का? गॅलरीत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवतात, उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर. घरात आपण बसून असतो, त्यामुळे थोडं खाली चालतं.

---

मुगभाटची_मैना | १५ जुलै, रात्री १०.१०

खाली? आई म्हणते सरस्वती सोफ्यावर बसणाऱ्याच्या डोक्याच्या वर पाहिजे, "तिच्या पायाशी कुणाचं डोकं आलं तर चालेल, तिच्या तोंडाशी कुणाची टाच नको." लेक सोफ्याच्या पाठीवर पाय टाकून पुस्तक वाचते, त्यामुळे मुद्दा अगदीच हवेतला नाही.

---

परळचा_नाना | १५ जुलै, रात्री १०.२५

मग सोफा तिच्याखाली ठेवूच नका. तिच्याखाली काहीतरी बुटकं, ज्यावर कुणी बसत नाही. सोफा समोर. बसलेला माणूस तिच्याकडे बघेल.

---

मुगभाटची_मैना | १५ जुलै, रात्री १०.३१

नाना!!! माळ्यावरून उतरवलेली आजोबांची शिसवी पेटी आहे. दीड फूट उंच.

---

अबोली_७९ | १५ जुलै, रात्री १०.३३

पेटीवर घंगाळ.

---

खडूफळा | १५ जुलै, रात्री १०.४०

पाण्याचं भांडं कागदाच्या चित्राखाली नको. समईही नको, काजळी आणि तेलाची वाफ थेट वर जाते. अबोलीताई, तुम्ही मला जिवंत ठेवणार नाही.

---

मुगभाटची_मैना | २ सप्टेंबर, रात्री ११.००

रंग. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

कासवगतीने सांगितलेली धूसर हिरवट छटा शोधायला शेडकार्ड घेऊन बसले तर दुकानातल्या ट्यूबखाली सगळंच राखाडी. मग तीन छोटे नमुना डबे आणले, मोठ्या ड्रॉइंग शीटवर दोन-दोन हात मारले आणि शीट भिंतीला चिकटवून दोन दिवस तशाच ठेवल्या. सकाळी आवडलेला पहिला रंग रात्री रुग्णालयासारखा. दुसरा शेवाळ्यासारखा, पावसाळ्यात नको ती आठवण. तिसरा दुपारी मळकट वाटला आणि संध्याकाळी पिवळा दिवा लावल्यावर एकदम शांत. चित्राचा मोबाइलवरचा फोटो शेजारी धरून बघत होते, मग लक्षात आलं की फोटोतला रंगच खोटा. म्हणून चित्र घरी येईपर्यंत थांबले. चित्र आल्यावर तिसराच बसला. तीनच भिंतींना, खिडकीची भिंत अजून फोडावर आहे.

पांढरी ट्यूब काढली. छतातून एकच दिवा, तिरका, ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा. कासवगतीने फोनवर कोन सांगितला, सरळ वरून नको, तीसेक अंशांत, म्हणजे काचेत दिवा दिसत नाही. तो पाहुणे आले की लावायचा, एरवी बंद. संवर्धनवाल्या बाई म्हणाल्या की संग्रहालयात कागदावर ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात, आपल्या हॉलात नुसत्या खिडकीनेही त्याच्या कितीतरी पट येतो. म्हणून काच अतिनील किरण अडवणारी घेतली. महाग पडली. ४३ इंची टीव्हीत वाचलेले पैसे तिथे गेले, हे नवऱ्याला सांगितलेलं नाही.

पडदे साधे, मलमलीच्या जातीचे, काठाला बोटभर जरीसारखी पट्टी. सोफा तपकिरी, जुनाच. खणाचे अभ्रे दोन (अबोली, तुझा मान राखला), चिंचेच्या रंगाचे, मोरपंखी नाहीत. बाकी भिंत रिकामी. नवऱ्याला दोन बाजूंना दोन फोटो हवे होते. आठ दिवस रिकामी ठेवून बघ म्हटलं. अजून रिकामीच आहे.

---

शिळीपोळी | ३ सप्टेंबर, सकाळी ८.२०

आणि कुंकवाची काच? तिचं काय केलंस? मी तीन महिने फक्त त्यासाठी वाचतेय.

---

मुगभाटची_मैना | ३ सप्टेंबर, रात्री १०.१५

हाच प्रश्न टाळत होते.

बाईंनी विचारलं, काच फेकू का? आई पटकन म्हणाली, "फेका, काळी पडली आहे." मी म्हटलं ठेवा. गाडीत आई म्हणाली, आजीला कुंकू काचेवर लावलेलं स्वतःलाच आवडायचं नाही, "चित्र खराब होतं" म्हणायची, पण दुसरीकडे लावायला जागाच नव्हती. खोली एक, देव्हारा कोनाड्यात, हात पोचायचा तो इथेच. हे मला माहीतच नव्हतं.

जुनी काच चादरीत गुंडाळून शिसवी पेटीत ठेवली आहे. नव्या काचेला कुणी हात लावायचा नाही असं ठरलंय.

---

खडूफळा | ३ सप्टेंबर, रात्री १०.३०

पेटीत दोन-चार सिलिका जेलच्या पुड्या टाका. पेटी भिंतीला चिकटवू नका.

---

निवडुंग | दसऱ्याचा दिवस, दुपारी ३.१०

सोनं घ्या, सोन्यासारखे राहा! मैना, पाटीपूजन झालं का?

---

मुगभाटची_मैना | दसऱ्याचा दिवस, रात्री ९.५५

झालं. पेटीवर लेकीची पाटी, आजोबांचं एक जुनं अंकगणित, आणि तिच्या हट्टाने टॅब. झेंडूची माळ फ्रेमला घातली नाही, पेटीच्या कडेने सोडली. आईने कुंकवाची कोयरी हातात घेतली, काचेपर्यंत बोट नेलं, माझ्याकडे बघितलं आणि पाटीला लावलं. मग टॅबलाही लावलं. ते आता स्क्रीन गार्डच्या खाली शिरलंय.

---

शिळीपोळी | दसऱ्याचा दिवस, रात्री १०.०१

परंपरा चालू आहे :))

---

वाटाणा | दसऱ्यानंतरचा दिवस, सकाळी ११.४०

मस्त झालं. रंगाचा शेड नंबर माझ्या विपूत (विचारपुशीत) टाक. माझ्याकडे पण मामाच्या दुकानातली जुनी पत्र्याची इनॅमलची जाहिरात आहे, साबणाची, तीन फूट. चोरबाजारात विकायला नेणार होतो, आता हॉलात लावावी म्हणतो. रंगापासून सुरुवात करू का?

---

खडूफळा | दसऱ्यानंतरचा दिवस, सकाळी ११.४२

भिंत.

---

ठाणे_स्लो | दसऱ्यानंतरचा दिवस, सकाळी ११.५०

वेगळा धागा काढ. आणि वीट की मायवान ते पहिल्या ओळीत लिही.